ठकुबाईचं रक्त

गोदूबाई तरेला प्रश्न विचारायची खोड होती. माहेर वळ गावचं, सासर काल्हेरचं. दोन्हीकडे या खोडीचं कौतुक कुणालाच नव्हतं. लग्नाला आठ दिवस झाले नाहीत तोच तिनं सासूला विचारलं, "आत्या, सुका जवला पान्यात टाकला का त्याचा वास परत येतो. मंग येवढं दिवस तो वास ऱ्हातो कुठं?" सासूनं जवळ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि तिला पाट्यावर मसाला वाटायला बसवलं. प्रश्न विचारणाऱ्याला कामाला जुंपावं, हा आपल्याकडचा जुना तोडगा. गोदूबाईवर तो कधी चालला नाही. मसाला वाटता वाटता ती पाट्याला टाके कोण आणि कशानं घालतं याची चौकशी करू लागली.

नवरा राघो काविळीनं गेला तेव्हा ती तिशीत होती. मूलबाळ नव्हतं. दिरांच्या घरात भाकरीला कमी नव्हतं, पण रोजचं तेच काम, तीच माणसं आणि विचारण्यासारखं नवीन काही नाही, याचा तिला कंटाळा आला. भिवंडीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक धर्मादाय दवाखाना होता, तिथं आया पाहिजे होती. चौथी पास, तब्येत दणकट, रक्त बघून घेरी येत नाही, एवढ्या भांडवलावर १९७९ साली ती तिथं लागली. काल्हेरहून सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळी परत जायची.

दवाखाना चालवायचे जब्बार डॉक्टर. घराणं भिवंडीतलंच, खाडीतून लाकडाचा व्यापार करणाऱ्या कोकणी मुसलमानांचं. माणूस मोठा प्रेमळ, पण घाईचा. त्यांनी तिला आधी झाडू दिला, मग सुया उकळायला दिल्या, आणि तीन वर्षांत पट्ट्या बांधण्यापासून पुड्या बांधण्यापर्यंत सगळं तिच्याकडे आलं. कारण एकच, ती विचारायची. "डाक्टर, ही लाल गोली कशाची? ह्यो पिवला पानी कशाला?" डॉक्टर आधी वैतागायचे, मग सांगायचे, आणि सहा महिन्यांनी स्वतःच काही विसरले तर तिलाच विचारायचे.

त्या काळी गोळ्या हजाराच्या डब्यात सुट्या यायच्या. गोदूबाई त्या हातानं मोजायची, जुन्या वर्तमानपत्राच्या चौकोनात ठेवायची आणि पुडी बांधायची. एखाद्याला अर्धी गोळी लागत असेल तर तीही तोडून द्यायची. दुसऱ्या दवाखान्यांतल्या बाया ब्लेडनं तोडायच्या, त्यात निम्म्या गोळीचा चुरा. गोदूबाईचं तसं नव्हतं. खाडीकाठची बाई, जन्मभर कोळंबी सोललेली. उजव्या अंगठ्याचं नख तिनं जरा राखलं होतं. गोळीच्या मधल्या रेघेवर नख टेकवायचं, बोटानं दाब द्यायचा, की टक् करून दोन सारखे तुकडे. डॉक्टर पाहुण्यांना बोलावून हे दाखवायचे. "बघा, मशीनला जमणार नाही." गोदूबाई वरवर लाजायची, पण पाहुणे गेल्यावर आणखी दोन तोडून ठेवायची.

एक आड एक गुरुवार हा फिटवाल्यांचा. फिट म्हणा, आकडी म्हणा, मिरगी म्हणा. नावं तीन, पण भिवंडीत त्या माणसाची गत एकच. जिथं गल्लीगल्लीत कापडाचे लूम धडधडतात, पट्टे फिरतात, तिथं उभ्या उभ्या कोसळणाऱ्या माणसाला कोण कामावर ठेवणार? म्हणून हे लोक गुरुवारी तोंड लपवून यायचे आणि फेनिटोइनच्या गोळ्या घेऊन जायचे. या गोळीची एक गंमत होती. कमी पडली तर फिट येते. जास्त झाली तर माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, डोळे लुकलुकतात, एकाचे दोन दिसतात. बरोबर किती, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि असली तपासणी मुंबईत. बाटलीतलं रक्त बर्फात ठेवून मुंबईला कोण नेणार? ज्याला एक दिवसाची सुट्टी मिळायची मारामार, तो कुठला जातोय.

१९८७च्या दिवाळीआधी मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडून दवाखान्यात एक खोकं आलं. त्यात जाड पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, शाळेतल्या टिपकागदासारख्या, आणि प्रत्येकीवर चार गोल छापलेले. डॉक्टरांनी गोदूबाईला बसवून सांगितलं, "बोटाला सुई टोचायची. रक्ताचा थेंब या गोलावर पडू द्यायचा. चार तास सुकवायचा. पाकिटात घालायचा आणि पोस्टात टाकायचा. बस. रक्तात औषध किती आहे ते तिकडून पत्रानं कळेल."

"सुकल्याव?" गोदूबाईचा विश्वास बसेना. "सुकल्याव औषद उडून न्हाय जात?"

"नाही. ते लोक तो गोल कापतात, एका पाण्यात भिजत घालतात, आणि औषध त्या पाण्यात उतरतं. मग मशीन मोजतं."

गोदूबाईच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की डॉक्टरांना वाटलं हिला काही भलतंच कळलं. "सुका जवला!" ती म्हणाली. वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला कुणीतरी एकदाचं उत्तर दिलं होतं.

त्या दिवसापासून हे काम तिनं आपलं मानलं. थंडीत बोटातून रक्त येत नसे, तेव्हा ती रुग्णाचं बोट आपल्या मुठीत धरून चोळायची, स्पिरिटचा बोळा फिरवायची, टोचायची, मग अंगठ्यानं मुळापासून टोकाकडे दाबत आणायची, की थेंब टपोरा उभा राही. आणि बाई गप्पा अशा मारायची की टोचल्याचं पोरांनाही कळू नये. चिठ्ठ्या दोरीवर चिमट्यांनी लावून ठेवायची. तीन महिन्यांनी मुंबईहून पत्र आलं, की बाकीच्या गावांतले निम्मे रुग्ण गोळ्या चुकवतात, भिवंडीच्या रुग्णांच्या रक्तात मात्र औषध भरपूर सापडतं, याबद्दल दवाखान्याचं अभिनंदन. डॉक्टरांनी ते पत्र भिंतीला चिकटवलं. गोदूबाईनं काल्हेरला जाऊन धाकट्या जावेला सांगितलं की मुंबईवाल्यांनी तिला शाबासकी दिली आहे. जावेला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं चहा केला.

आणि मग इद्रीसचा घोळ सुरू झाला.

इद्रीस सत्तावीस वर्षांचा, गोरा, हडकुळा, मान खाली घालून बोलणारा. लूमवर नवा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, चढायच्या आधी त्याच्या तारा, म्हणजे धागे, एकेक करून राचेच्या चौकटीतल्या बारीक डोळ्यांतून ओढून घ्याव्या लागतात. दोन दोन, तीन तीन हजार तारा. एक जरी चुकली तरी कापडात दोष उतरतो आणि मालक आईबाप काढतो. इद्रीसचं काम हे, तारा भरायचं. बसून करायचं, फिरत्या पट्ट्यांपासून लांब, म्हणून फिटवाला असूनही त्याला ते मिळालं होतं. रोज तीन गोळ्या घ्यायचा. दोन वर्षं एकही फिट नाही. मागच्याच वर्षी माजिदाशी लग्न झालं होतं, आणि तिच्या घरच्यांना सगळं सांगून, अंधारात ठेवून नव्हे.

त्याचा पहिला कागद गेला, उत्तर आलं चोवीस. दहा ते वीस चांगलं, त्याच्या वर जास्त. डॉक्टरांना तेव्हा कागदाचं नवं वेड लागलेलं. समोर धडधाकट बसलेल्या इद्रीसकडे न बघता त्यांनी पत्राकडे बघितलं आणि गोळ्या अडीच केल्या. गोदूबाईनं त्याच्यासमोर बसून पंधरा दिवसांच्या गोळ्या तोडल्या, पुडी बांधली. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा पुढच्या तोडल्या, मग त्याचं बोट हातात घेतलं. उत्तर आलं एकतीस.

"गोली कमी केली आन् औषद वाढला?" गोदूबाई म्हणाली. "ह्यो कसला हिशेब?"

डॉक्टरही बुचकळ्यात पडले. त्यांनी गोळ्या दीडवर आणल्या. त्याच महिन्यात इद्रीसला दोन वर्षांनी पहिली फिट आली, घरीच, जेवता जेवता. पुढच्या कागदावर उत्तर आलं अडतीस. पाठोपाठ दुसरी फिट कारखान्यात आली. पडताना कपाळ बीमच्या लोखंडावर आपटलं, पाच टाके पडले. मालक म्हणाला, आधी बरा हो, मग ये.

डॉक्टरांनी इद्रीस आणि माजिदा दोघांना समोर बसवलं. "औषध फार झालं तरी फिट येते," ते म्हणाले. "इद्रीस, खरं सांग. भीतीपोटी बाहेरून गोळ्या विकत घेऊन खातोस ना?"

"खुदा कसम नाही, डॉक्टरसाहेब."

"मग रक्तात कुठून आल्या? कागद काय खोटं बोलतो?"

माजिदानं इद्रीसकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. डॉक्टरांनी तिला सांगितलं की यापुढे गोळ्या तू तुझ्या ताब्यात ठेव, तू हातानं दे, आणि लक्ष ठेव. आणि इद्रीसला सांगितलं, "पुढच्या गुरुवारी आणखी एक कागद पाठवू. तोही तिसाच्या वर आला तर मी गोळ्या पूर्ण बंद करणार. दुसरा इलाज नाही."

गोळ्या एकदम बंद केल्या की काय होतं ते गोदूबाईनं एकदा बघितलं होतं. पडघ्याचा एक बाप्या, सणासुदीला कंटाळून गोळ्या सोडल्या, तर एका फिटमधून दुसरी, दुसरीतून तिसरी, माणूस शुद्धीवर आलाच नाही. तेव्हापासून तिला 'गोळ्या बंद' या दोन शब्दांची धास्ती होती, आणि तेच दोन शब्द डॉक्टर इद्रीसला ऐकवत होते.

ती दोन दिवस प्रश्न चघळत राहिली. अडतीस म्हणजे किती? अडतीसवाल्यानं तर बोटीत उभं राहिल्यासारखं डुलायला पाहिजे. त्याचे डोळे लुकलुकायला पाहिजेत. शनिवारी दुपारी ती इद्रीसला शोधत त्याच्या एका शेजाऱ्याच्या कारखान्यात गेली. त्याच्या मालकानं त्याला घरी बसवलं होतं, तरी तो शेजाऱ्याचा अडलेला बीम भरून द्यायला आला होता, कपाळाला पट्टी लावून. गोदूबाई बाजूच्या पेटीवर बसली. तो हूक राचेच्या डोळ्यातून घालायचा, पलीकडून तार पकडायचा, ओढायचा. पुन्हा. पुन्हा. ती अर्धा तास बघत होती. एक तार चुकली नाही.

"इद्रीस, हिकडं बघ," ती म्हणाली आणि डॉक्टर करतात तसं बोट त्याच्या डोळ्यांपुढून डावीकडून उजवीकडे नेलं. डोळे बोटामागं संथ गेले, संथ आले. "येकाचं दोन दिसतात?"

"मावशी, एकाचे दोन दिसले असते तर या तारा भरल्या असत्या का?" तो म्हणाला. मग हूक खाली ठेवून हळूच म्हणाला, "तुम्हाला पण वाटतं मी खोटं बोलतो?"

गोदूबाईनं नाही म्हटलं, पण उत्तर म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं. सोमवारी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "गोदूबाई, तुमच्या डोळ्यांपेक्षा मुंबईचं मशीन जास्त बघतं." बोलणं तिथंच संपलं.

पण गोदूबाईचं डोकं तिथं संपणारं नव्हतं. मासळीबाजारात वाढलेल्या बाईला तराजूवर संशय आला की काय करायचं हे शिकवावं लागत नाही. तराजूत मासळी टाकून भांडत बसायचं नाही. घरून आणलेलं, वजन ठाऊक असलेलं माप त्यात टाकायचं आणि काटा काय म्हणतो ते बघायचं. ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेच त्याला विचारायचं. मुंबईच्या मशीनला विचारण्यासारखं तिला पक्कं ठाऊक काय होतं? तर हेच, की गोदूबाई तरेनं आपल्या जन्मात फिटची गोळी खाल्लेली नाही. डोकं दुखलं तरी ती गोळी घ्यायची नाही, सुंठ लावायची.

गुरुवार आला. इद्रीस आला. तिनं त्याच्या अर्ध्या गोळ्या तोडल्या, पुडी बांधली, त्याच्या बोटाचे चार थेंब घेतले. सगळे गेल्यावर तिनं दार लोटलं, आपल्याच डाव्या हाताचं बोट चोळलं, टोचलं, दाबलं आणि चार गोल भरले. नाव काय लिहावं? स्वतःचं लिहिलं तर डॉक्टरांना कळेल. तिनं लिहिलं, ठकुबाई, वय चाळीस, रोज दोन गोळ्या. ठकुबाई ही तिची आजेसासू, मरून बावीस वर्षं झालेली. मेलेल्या माणसाला चौकशीचा त्रास नाही. रजिस्टरमध्येही तेच नाव चढवलं. सरकारी नव्हे तरी दवाखान्याचं रजिस्टर, त्यात खोटं नाव. कळलं तर नोकरी जाईल हे तिला समजत होतं, पण उत्तर काय येईल याची हाव त्याहून मोठी होती.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, पत्र आलं. दवाखान्यात दोघंच होते. डॉक्टरांनी चष्मा लावला. "इद्रीस, सदतीस," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. "संपलं. परवापासून गोळ्या बंद." मग त्यांनी खालची ओळ वाचली. "ठकुबाई, सोळा. औषधाचं प्रमाण उत्तम आहे, रोजच्या दोन गोळ्या तशाच चालू ठेवाव्यात." त्यांनी मान वर केली. "ही ठकुबाई कोण?"

गोदूबाई आधी हसली. हसू आवरेनाच. मग तिला रडू आलं, आणि दोन्ही एकदम येत असताना तिनं सांगून टाकलं, "मीच ती ठकुबाई, डाक्टर. माझाच रगत हाय. मी गोली खाल्ली न्हाय. मेलेल्या आजेसासूची शपथ."

डॉक्टर खुर्चीतून उठले. इतकी वर्षं त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, तो त्या दिवशी चढला. खोटं नाव! खोटा कागद! मुंबईच्या लोकांना फसवलं, दवाखान्याचं नाव घालवलं! गोदूबाई ऐकून घेत होती. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "माझं चुकलं. मना काढून टाका. पन डाक्टर, माझ्या आंगात ह्यो औषद आला कुठून, त्या सांगा."

डॉक्टरांना राग होता, पण माणूस शिकलेला होता. "मशीनच बिघडलं असेल," ते पुटपुटले. "नाहीतर चिठ्ठ्यांची अदलाबदल. रजिस्टर दाखवा."

गोदूबाई सकाळपासून गुरुवारच्या पुड्या बांधत होती. ती तशीच उठली, रजिस्टर घेतलं, आणि आपण सगळेच करतो तसा पान उलटायला अंगठा जिभेला लावला.

कडू.

अंगठा कडू होता. आजच नव्हे, ती आठवायला लागली, रजिस्टर उलटताना तो नेहमीच कडू लागायचा. गुरुवारची भाकरीसुद्धा कडवट लागायची आणि ती पिठाला बोल लावायची. तिनं अंगठा उजेडात धरला. राखलेल्या नखाखाली पांढरी रेघ होती, गोळीच्या चुऱ्याची.

"डाक्टर," ती म्हणाली, "ह्या चाटून बघा."

डॉक्टरांनी चाटलं नाही, पण नखाखालची रेघ बघितली आणि काय झालं ते ओळखलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. जो अंगठा गोळी तोडत होता तोच बोट दाबत होता. नखातली धूळ बोटावर, बोटावरून थेंबात, थेंबातून कागदावर. रक्ताचा थेंब तो केवढा, त्यात औषध ते केवढं. चिमटीतल्या कणानं त्याचं गणित उलटं होणारच. आणि इद्रीसची मात्रा जसजशी अर्ध्यांवर आली, तसतशा त्याच्या बोटाआधी गोळ्या तोडल्या जात राहिल्या. गोळी कमी, म्हणून तोडणं आलं. तोडणं आलं, म्हणून कागदावर जास्त. कागदावर जास्त, म्हणून गोळी आणखी कमी.

डॉक्टरांनी कपाटाच्या खालच्या खणातून एक इंग्रजी कागद काढला. खोक्याबरोबर आलेल्या सूचना. त्यातली चौथी सूचना होती, की औषधाला हात लावणाऱ्यानं साबणानं हात धुतल्याशिवाय नमुना घेऊ नये, शक्यतो दुसऱ्यानंच घ्यावा. त्यांनी ती दोनदा वाचली. "मी तुम्हाला पहिल्या तीनच सांगितल्या," ते म्हणाले. "पेशंट खोळंबले होते." मग त्यांनी पट्टी कापायची कात्री तिच्यापुढं ठेवली आणि ती नख कापत असताना मुंबईला पत्र लिहायला घेतलं. भिवंडीचे सात महिन्यांचे सगळे कागद रद्द समजावेत, आणि चूक आमची.

गोदूबाईला त्यांनी काढलं नाही. ती १९९६ पर्यंत त्या दवाखान्यात होती. पुढे मुंबईच्या प्रयोगशाळेनं इतर गावांच्या आयांना शिकवायला तिला दोनदा बोलावलं. ती गेली की आधी सगळ्यांना आपापला अंगठा चाटायला लावायची, मग बोलायला सुरुवात करायची. हे सगळं ती आनंदानं सांगत असे. एकच गोष्ट ती सांगायची नाही, आणि ती त्याच मंगळवारी दुपारी घडली.

डॉक्टर म्हणाले, इद्रीसला निरोप पाठवू. गोदूबाई म्हणाली, "निरोप न्हाय. मी जाते." तीन गोळ्या रोजच्या, पंधरा दिवसांच्या, सगळ्या अख्ख्या, अशी पुडी घेऊन ती निघाली. वाटेत पोलिसासमोर जाताना चोराला वाटत असेल तसं तिला वाटत होतं.

एका खोलीचं घर. इद्रीस खाटेवर बसला होता, माजिदा भाजी निवडत होती. गोदूबाई आत गेलीच नाही, उंबऱ्यावरच बसली. "इद्रीस, तू खोटा न्हवतास," ती म्हणाली. "खोटा माझा हात व्हता." आणि तिनं अंगठा पुढं करून सगळं सांगितलं, ठकुबाईसकट, काहीही न लपवता.

माजिदाच्या हातातली भाजी खाली पडली. "मावशी," ती म्हणाली, "मी रोज यांचं तोंड उघडून बघते."

"म्हंजे?"

"गोळी दिली की तोंड उघडायला सांगते. जीभ उचलायला सांगते, खाली दुसरी दडवलेली नाही ना बघायला. बाहेरून आले की खिसे उलटे करते. डॉक्टरांनी लक्ष ठेव म्हटलं होतं ना." ती पडलेली भाजी गोळा करायला लागली. "एकदा यांच्या अम्मीसमोर केलं मी. यांनी एकदा पण नाही म्हटलं नाही. गुपचूप तोंड उघडायचे."

गोदूबाईला वाटलं होतं की तिच्या हातची घाण कागदापर्यंतच गेली. ती या घरात शिरून बसली होती हे तिला आता कळत होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि सुळी देणाऱ्यांत ही पोरगीही होती, तिची काही चूक नसताना. गोदूबाईला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती पदर तोंडाला लावून रडली.

"मावशी, रडू नका," इद्रीस म्हणाला. "हिचं पण काही चुकलं नाही. मला सुद्धा तसंच वाटायला लागलं होतं."

"कसं?"

"की मीच खातो." तो खाली बघत बोलत होता. "डॉक्टर खोटं बोलणार नाहीत, मशीन खोटं बोलणार नाही. मग खोटा राहिला कोण? मीच. म्हटलं, झोपेत उठत असेन, पेटी उघडून खात असेन आणि सकाळी आठवत नसेल. फिट आली की तरी कुठं आठवतं? म्हणून रोज झोपताना पायाला धागा बांधायचो, दुसरं टोक खाटेच्या पायाला. एकेरी तार. माणूस उठून चालला तर तुटणारच. सकाळी आधी तो बघायचो."

माजिदा बघतच राहिली. "कुठला धागा? मला कधी दिसला नाही."

"तुला दिसू नये म्हणूनच बारीक घेतला."

"आन् तुटला का कवा?" गोदूबाईनं विचारलं.

"एकदा पण नाही, मावशी," इद्रीस म्हणाला. "पण मग वाटायचं, झोपेतच पुन्हा बांधत असेन."

माजिदा उठली, खाटेपाशी खाली बसली आणि खाटेच्या पायाभोवती हात फिरवायला लागली. धागा होता. तिला गाठ सापडली, आणि ती सोडवत तिथंच बसून राहिली.